फक्कीचं घर

मार्गशीर्ष शुद्ध पंचमी, शके १६८५

आज जयसिंगरावांकडून बोलावणं आलं होतं. शुक्रवार पेठेतला त्यांचा वाडा उन्हाळ्यात निजामाच्या फौजेनं पेटवला, त्यात लाकूडकाम सगळं गेलं. उरली ती पुढच्या दाराची दगडी दिंडी आणि मोकळी जागा. मंडळी मागच्या बाजूला छपरं घालून राहतात. एवढे सरदार आणि छपराखाली. पण यंदा पुण्यात कोणी कोणाला हसत नाही.

म्हातारे बोलायला तुटक आहेत. बसा म्हणायच्या आधीच म्हणाले, "पंत, बाहेरच्या भिंतीला खिडकी नको. भोक म्हणून नको."

"मग उजेड आणि वारा वरून घ्यावा लागेल, सरकार. दोन चौक ठेवू. पुढचा घोड्यांना आणि आल्यागेल्याला, आतला घरच्या बायकांना."

"आतला कशाला? तिथं छप्पर घाला. धान्याची कोठारं होतील."

आतला चौक गेला की माजघराचं तळघर होतं. चुलीचा धूर तिथंच घुटमळतो, बायकांचे डोळे जातात, पोरं खोकत राहतात. हे मी परोपरीनं सांगितलं. ते दिंडीकडे बघत बसले होते, माझ्याकडे नाही. शेवटी माझ्या तोंडून निघून गेलं, "धाकटे सरकार परत आल्यावर संध्याकाळी कुठं बसतील?"

त्यांचा मुलगा हैबतराव पानिपतावर गेला तो गेलाच. पडल्याची खबर नाही, असल्याचीही नाही. त्याचं ताट अजून रोज वाढतात असं पेठेत बोलतात. म्हाताऱ्यांनी पहिल्यांदाच माझ्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाले, "ठेवा चौक."

काम मिळालं, चौकही मिळाला. परत येताना मात्र गिऱ्हाइकाला वजनात मारल्यासारखं वाटत होतं.

मार्गशीर्ष शुद्ध दशमी

कागदावर काढलेलं घर मालकाला कधीच कळत नाही. मान डोलावतात, आणि भिंत छातीएवढी आली की "हे असं होणार होतं का" म्हणून विचारतात. म्हणून वडील करायचे तेच मी करतो. जागेवर चुन्याच्या फक्कीनं पूर्ण मापाचं घर आखायचं. भिंतींच्या जागी उंच बांबू रोवून त्यांना तट्टे बांधायचे. चौकाच्या जमिनीवर फक्कीचा पातळ थर पसरायचा आणि तट्ट्यांची सावली जिथं संपेल तिथं काठीनं रेघ ओढत जायचं. काही दिवसांत कळतं, ऊन कुठं बसायला येतं आणि कुठं फिरकत नाही. थंडीत ऊन चौकाच्या तळापर्यंत पोचलं पाहिजे आणि वैशाखात ओसरीच्या आत शिरता कामा नये. एवढं साधलं तर बाकी सगळं गवंड्यानं करावं आणि आखणाऱ्यानं घरी जावं.

गवंडी नेहमीप्रमाणे कादर आहे. त्याचंही घर जळालं, पण बायकापोरं वेळेवर बाहेर पडली आणि वाचली. माझ्यासमोर तो घरच्यांबद्दल बोलायचं टाळतो. मला ते कळतं, आणि त्यानं बोलावं असंही वाटतं.

दिंडी पूर्वेला आहे. आतल्या चौकाचं दार मी तिच्या रेषेत न ठेवता दक्षिणेला सरकवलं आहे. दारासमोर दार ठेवायचं नाही, रस्त्यावरची नजर थेट माजघरात जाऊ द्यायची नाही, हा या कामातला पहिला धडा.

मार्गशीर्ष शुद्ध द्वादशी

सकाळी गेलो तर चौकातल्या फक्कीत पावलं उमटलेली. लहान पावलं, बोटाशी जोडव्याची खूण. रागच आला. सावलीच्या रेघा पार बिघडल्या होत्या.

सरूबाई म्हणून त्यांची जुनी दासी आहे. ती म्हणाली, "बाईसाब आल्या व्हत्या. तुमी गेल्यावर, दिवेलागणीला. घर बघाया."

बाईसाब म्हणजे हैबतरावांच्या पत्नी, मुक्ताबाई. या घरच्या बायका परक्या पुरुषापुढे येत नाहीत, तेव्हा घर कसं वाटलं हे विचारायची सोय नाही. पण पावलं विचारल्याशिवायच सांगत होती. माजघरात दोनतीन फेऱ्या. ओसरीवरून एक. चुलीच्या जागी थोडं थांबणं. मग चौक ओलांडून वायव्येचा कोपरा, आणि तिथं बसल्याची खूण. बराच वेळ बसल्या असाव्यात, कारण लुगड्याचा काठ फक्कीत स्पष्ट उमटला होता.

कादर म्हणाला, "झाडून नवीन पसरू?"

मी म्हटलं, "राहू दे आजच्या दिवस." का म्हणून त्यानं विचारलं नाही.

मार्गशीर्ष वद्य प्रतिपदा

पुन्हा पावलं. आज इकडेतिकडे काही नाही, सरळ वायव्येचा कोपरा.

मार्गशीर्ष वद्य तृतीया

आजही तेच. सकाळचं ऊन या दिवसांत तिथंच पहिल्यांदा येतं हे खरं, पण त्या येतात दिवे लागताना. तेव्हा तिथं ऊन नसतं. मग काय शोधतात?

मार्गशीर्ष वद्य षष्ठी

आज पावलं नव्हती. दिवसभर कामात लक्ष लागलं नाही. कादर दोनदा म्हणाला, पंत, माप चुकतंय. थंडी फार पडली आहे, त्यामुळे असेल.

मार्गशीर्ष वद्य नवमी

आज उलगडा झाला. मजूर जेवायला गेले तेव्हा मी स्वतः त्या कोपऱ्यात जाऊन बसलो. समोर नुसता तट्टा. डोकं वर केलं की आभाळ, खाली केलं की जमीन. दिंडी काही केल्या दिसत नाही. मान ताणली तरी नाही.

ती बाई रोज तिथं बसते आणि दार शोधते. नवरा ज्या दारातून गेला ते दार. आणि मी, धंद्यातला पहिला धडा म्हणून, तेच तट्ट्याआड घातलं आहे. जोडवी घालायची, कुंकू लावायचं, आणि ज्याच्यासाठी ते सगळं, तो येताना दिसायचा नाही. हे मला कळायला हवं होतं. दुसऱ्या कोणाला नाही तरी मला.

आमची खोली म्हणजे कसब्यात मोरोपंतांच्या परसातलं जुनं गोदाम. एक दार, बाकी भिंती. अंथरूण मी दाराकडे तोंड येईल असं घालतो. माझी बायको गोदा परत आली तर दार वाजवायच्या आधी तिची सावली उंबऱ्यावर पडेल, ती दिसावी म्हणून.

मार्गशीर्ष वद्य दशमी

आतलं दार सरकवून दिंडीच्या रेषेत आणायचं ठरवलं. वायव्येच्या कोपऱ्यात बसलं की आतल्या दारातून पुढचा चौक आणि त्याच्या पलीकडे दिंडी, सगळं एका नजरेत येतं.

कादरनं तट्टा सोडला, पण कपाळाला आठ्या घालून. "दारासमोर दार? पंत, आजवर आपण असं केलं नाही."

"या घराची गोष्ट वेगळी आहे."

"घरात कोणी मागितलंय?"

"न मागता कळतं," मी म्हटलं.

जयसिंगरावांना दाखवलं. ते कोपऱ्यात उकिडवे बसले, दिंडीकडे बघितलं, आणि उठेचनात. उठले तेव्हा त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "पंत, आमच्या मनातलं ओळखलंत. तो आला की पहिल्यांदा तिला दिसेल."

इतकं चांगलं काम माझ्या हातून आजवर झालं नव्हतं, असं मला वाटतं. घरी येऊन हे कोणाला तरी सांगावं म्हणून मोरोपंतांच्या ओसरीवर गेलो. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "छान. आता झोपा."

मार्गशीर्ष अमावास्या

फक्कीत पावलं नाहीत. दार मोकळं केल्यापासून एकदाही नाहीत. आता काय पाहायचं राहिलं आहे, समाधान झालं असेल. उद्या तट्टे काढून पाया खणायला घेतो.

फक्की झाडताना जरा जड गेलं.

आषाढ शुद्ध तृतीया, शके १६८६

फार दिवसांनी लिहितो. पावसानं काम थांबलं आहे. खालचा मजला उभा राहिला, वरच्याचं सागवान आलेलं आहे.

परवा निरोप आला की खडकवासल्याच्या अलीकडे एका वस्तीवर पुण्याची एक बाई आहे, नाव सांगत नाही, सवाष्ण आहे. गेल्या वर्षी निजाम येतो म्हणून शहर सुटलं तेव्हा मी सासवडला पाया आखायला गेलो होतो. गोदा शेजारच्या मंडळींबरोबर सिंहगडाच्या वाटेला लागली. गडाखाली पोचल्यावर मंडळींनी मोजलं तर ती नव्हती. एवढंच सगळ्यांना ठाऊक आहे.

चिखलातून गेलो. ती बाई चुलीपाशी बसली होती. पाठमोरी होती तोवर मला वाटत होतं. मग तिनं मान वळवली.

वस्तीवरच्यांनी भाकरी दिली, ती खाऊन परत आलो.

माघ शुद्ध षष्ठी

आतला चौक पुरा झाला. वरच्या मजल्याची कौलं चढली, फरशी बसली. आज पहिल्यांदा आतली चूल पेटवली. धूर माजघराच्या दारातून निघाला, चौकाच्या मधोमध आला, आणि कोणी हात धरून नेल्यासारखा सरळ वर गेला. वर ऊन तापलं की तिथली हवा उठते आणि खालच्या बोळातून गार हवा ओढून घेते. हे मला ठाऊक आहे, तरी दर वेळी बघत उभा राहतो. कादरही राहतो. आम्ही दोघं माना वर करून उभे होतो आणि सरूबाई आमच्याकडे बघून तोंडाला पदर लावून हसत होती.

दुपारी ऊन तळापर्यंत आलं. वायव्येच्या कोपऱ्यातला दगड गरम झाला होता. मी हात लावून पाहिला. उद्यापासून मंडळी राहायला येतात, म्हणजे मला आता आत जाता येणार नाही.

माघ वद्य पंचमी

पुढच्या चौकातलं थोडं काम बाकी आहे, त्यासाठी जातो. सरूबाई पाणी घेऊन आली तेव्हा सहज विचारलं, "बाईसाहेब बसतात का कोपऱ्यात?"

"बसत्यात. रोज." मग घागर खाली ठेवून म्हणाली, "बसवत्यात."

म्हणजे जयसिंगरावांनीच तसा नेम घालून दिला आहे. दिवे लागले की मुक्ताबाईंनी समईजवळ त्या कोपऱ्यात बसायचं, दिंडी बंद होईपर्यंत दाराकडे बघत. आतलं दार लावायचं नाही असा हुकूम आहे.

ऐकून बरं वाटलं. माझ्या आखणीतला एक तरी कोपरा कोणीतरी मी योजला तसा वापरतं आहे.

सरूबाई अजून उभीच होती. मी म्हटलं, "आणखी काही?" ती म्हणाली, "न्हाय," आणि गेली.

फाल्गुन शुद्ध तृतीया

संध्याकाळी दिंडीपाशी उभा होतो. आतल्या दारातून, दूर, समईच्या उजेडात एक हिरवं लुगडं दिसलं. चेहरा दिसला नाही. मी लगेच मान फिरवली, कारण बघणं बरं नव्हे. पण मग लक्षात आलं, मला दिसलं तर दिंडीवरच्या पहारेकऱ्यालाही दिसत असणार. रस्त्यावरच्यालाही. दारासमोर दार नको म्हणतात ते यासाठीच. मनाला लागून राहिलं. मग स्वतःला समजावलं की तिला दार दिसायचं तर दाराला ती दिसणारच.

फाल्गुन वद्य द्वितीया

आज आतून बोलावणं आलं. चौकात वाऱ्याचा त्रास होतो, पंतांनी येऊन पाहावं.

मी ओसरीवर बसलो. माजघराच्या दाराला पडदा होता, त्याच्याआड मुक्ताबाई. मध्ये सरूबाई भाजी निवडत. बोलायची रीत अशी की त्या सरूबाईला सांगणार आणि मीही सरूबाईलाच सांगणार. सरूबाई काही पोचवत नव्हती, ती फक्त भाजी निवडत होती.

"सरूबाई, त्यांना विचार, कोपऱ्यात वारा येतो त्याला आडोसा करता येईल का."

आवाज शांत होता. मला वाटला होता त्याहून थोडा जाड.

मी म्हटलं, "सरूबाई, बाईसाहेबांना सांग, तो वारा मुद्दाम आणलेला आहे. दिंडीच्या बोळातून गार होऊन येतो. उन्हाळ्यात त्याचीच आठवण काढाल."

"सरूबाई, आडोसा घातला तर चौक बिघडेल का?"

"बिघडेल. शिवाय मग दार दिसणार नाही."

सरूबाईनं देठ मोडला तो आवाज ऐकू आला.

"सरूबाई, त्यांना सांग, वाऱ्याचं मला काही नाही. मला ते दार दिसायला नको आहे."

मी ओसरीच्या कडेचा दगड हातानं चाचपत राहिलो.

"त्यांनी तट्ट्यांचं घर केलं होतं ना, त्यात हा एक कोपरा होता. तिथं बसलं की दार दिसत नव्हतं. सगळ्या घरात तेवढीच जागा. छपरात होतो तेव्हाही माझी चटई दिंडीकडे तोंड करून. मी तिथं येऊन बसायचे आणि नुसतं आभाळ बघायचे. कोणी यायचं आहे, हे तेवढा वेळ आठवायचं नाही. मला वाटलं, पक्कं घर होईल तेव्हा ही जागा माझी. मग एक दिवस आले तर तट्टा काढलेला."

"बाईसाहेब, मला वाटलं..." मी थेटच बोललो. सरूबाईनं मान वर केली, तेव्हा भान आलं.

"ते आले तर सगळ्यांत जास्त मीच हसेन, सरूबाई. पण ते येईपर्यंतचे दिवस माझेच आहेत ना? ते कोणी जगायचे? सांग त्यांना, माझी तक्रार नाही. फक्त काही होत असेल तर बघा म्हणावं."

मी उठलो. उठताना ओसरीच्या खांबाला डोकं आपटलं. मीच घातलेला खांब.

रात्री लिहितो आहे आणि राग येतो आहे. तिचा राग येतो. दाराकडे पाठ करायची म्हणजे काय? मी दोन वर्षं होत आली, एक दिवस केली नाही. ज्याची वाट बघायची त्याच्याकडे पाठ करून आभाळ बघत बसायचं, हे कसलं माणूसपण?

फाल्गुन वद्य चतुर्थी

परवा लिहिलेलं वाचलं. खोडावंसं वाटलं, खोडत नाही.

तिनं कोपऱ्यात काय शोधलं हे मला कळलं नव्हतं. मी तिथं जाऊन बसलो, आणि मला काय दिसत नाही तेवढंच पाहिलं. तिची पावलं मी वाचली असं म्हणत होतो. मी माझंच वाचत होतो.

चैत्र शुद्ध द्वितीया, शके १६८७

जयसिंगरावांना भेटलो. आतल्या दारापुढे आडभिंत घालू म्हणालो, रस्त्यावरून नजर जाते हे कारण दिलं. खोटं नव्हतं.

ते दिंडीच्या देवडीत बसले होते, पहारेकऱ्याच्या जागी. हल्ली दिवसभर तिथंच असतात म्हणे, दुपारी आडवेही होत नाहीत. भिंत म्हटल्यावर एकदम उसळले. "पोर परत येईल तेव्हा त्यानं भिंत पाहायची? पंत, तुम्हीच ते दार मोकळं केलंत. आता तुम्हीच आम्हाला शहाणपण शिकवता?"

ते म्हणाले ते सगळं खरं होतं. जरा वेळानं थंड झाले आणि हळूच म्हणाले, "सूनबाईनं काही म्हटलं का?"

"नाही, सरकार. माझंच."

"मग झालं तर. अक्षय्य तृतीयेला तुळशीवृंदावन बसवायचं आहे चौकात. ते तेवढं करून द्या."

चैत्र शुद्ध चतुर्थी

तुळशीवृंदावन! काल दिवसभर डोक्यात भिंत भिंत चालली होती आणि म्हाताऱ्यांनी आपल्या तोंडानं उपाय हातात ठेवला हे ध्यानातच आलं नाही. वृंदावन दगडी असतं, उंच असतं. आणि एकदा पूजा होऊन बसलं की कोणी हलवत नाही. सरदारसुद्धा नाही.

चैत्र शुद्ध सप्तमी

मंडळी आज देवदर्शनाला गेली होती, म्हणून आत जाता आलं. वृंदावन चौकाच्या मधोमध असतं. मी मध्यापासून उत्तरेला सरकवलं, कोपरा आणि दार यांच्या बरोबर मध्ये. आता उंची. फार उंच केलं तर ऊन अडेल आणि म्हाताऱ्यांना संशय येईल. ठेंगणं केलं तर उपयोग नाही.

सरूबाई घरी राहिली होती. तिला म्हटलं, "त्या कोपऱ्यात जरा बस."

ती बसली. "बाईसाब माज्यापेक्षा चार बोटं उंच हायत," न विचारताच म्हणाली.

कादरनं वृंदावनाच्या जागी काठी धरली. मी कोपऱ्यामागे वाकून नजरेची रेषा लावली आणि वर, आणखी वर, अशा खुणा केल्या. चार बोटं धरून जिथं दिंडी पुरती झाकली तिथं कादरनं काठीला कोयत्यानं खाच पाडली.

"मधोमध का नाही, असं कोणी विचारलं तर काय सांगायचं?" कादरनं विचारलं.

"मधे पाण्याचा निचरा आहे म्हणून सांग."

त्यानं खाचेवरून अंगठा फिरवला. "निचरा आहेच तिथं," तो म्हणाला. "आमच्या घरात पोरीला ताप आहे दोन दिवस. आज उतरलाय." एवढी घरची गोष्ट त्यानं माझ्याकडे बऱ्याच दिवसांनी काढली. मी विचारलं, काय दिलं. मग आम्ही काढ्यांवर बोलत राहिलो.

वैशाख शुद्ध तृतीया, अक्षय्य तृतीया

वृंदावन बसलं. भटजींनी मंत्र म्हटले, नवी तुळस लावली, कात्रजच्या नळाच्या पाण्यानं चौक धुतला होता तो चकचकत होता. कोणी काही विचारलं नाही. मधोमध नाही हे भटजींच्या लक्षात आलं, पण त्यांचं लक्ष आमरसाकडे लागलं होतं.

जेवणं झाल्यावर मी निघायला ओसरीवर आलो तर जयसिंगराव एकटे चौकात उभे. वृंदावनाभोवती एक फेरी घातली, चालत कोपऱ्यापर्यंत गेले आणि खाली बसले. दमले असावेत. मग त्यांनी समोर पाहिलं.

"पंत."

"सरकार."

"इथून दार दिसत नाही."

"नाही, सरकार."

वृंदावनाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. त्यांना कळलं. ते आता ओरडतील, दगड उचकटा म्हणतील, मला वाड्याबाहेर काढतील, हे सगळं माझ्या मनात येऊन गेलं. तुळशीचं पान वाऱ्यानं हलत होतं. ते तिकडे बघत राहिले.

"वारा येतो इथं," ते म्हणाले.

मी मान हलवली.

त्यांनी भिंतीला पाठ टेकली. पागोटं काढून मांडीवर ठेवलं. थोड्या वेळानं मान कलली. मला आधी भीती वाटली, मग घोरण्याचा आवाज आला. दिवसाढवळ्या, दार सोडून, हा माणूस झोपला होता.

पडद्याआडून आवाज आला, अगदी हळू. "सरूबाई, मामंजींना उठवू नकोस. उशी दे."

सरूबाई उशी घेऊन गेली. येताना माझ्यासमोर थांबली, पण कोणी काही सांगायला सांगितलं नव्हतं. मी जोडे घातले आणि निघालो.

वैशाख शुद्ध पंचमी

कादरला बोलावून खोलीच्या मागच्या बाजूचं एक कौल काढायला लावलं. पावसात बंद करायला फळी बसवली आहे. मोरोपंत बघायला आले. म्हणाले, "वाडेवाले, गळलं तर माझ्या नावानं ओरडू नका." कादर हसला, मीही हसलो.

दुपारी मागच्या भिंतीशी उन्हाचा एक तुकडा पडला. या खोलीत दाराखेरीज दुसरीकडून उजेड आलेला मी पहिल्यांदा पाहिला. कोनाड्यातला गोदेचा कुंकवाचा करंडा पुसला आणि उन्हाजवळ ठेवला. मग चौरंग तिकडे ओढला.

हे सगळं दाराकडे पाठ करून लिहिलं आहे. लिहिताना दोनदा मागे वळून पाहिलं. दोनदाच.